लाकूड, लोखंड आणि लाख : इलेक्ट्रिक गिटार हाताने घडवताना काय निवडायचं

पहिली इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने घडवायला घेणारा माणूस हटकून एकाच प्रश्नापासून सुरुवात करतो: बॉडी कुठल्या लाकडाची घेऊ? मीही तिथूनच सुरुवात केली होती. दोन महिने नुसतं वाचत बसलो. अमक्या लाकडाचा आवाज उबदार, तमक्याचा खणखणीत, तिसऱ्याचा म्हणे मधाळ. शेवटी देखण्या रेषांची एक फळी मिळवली आणि नेकसाठी, म्हणजे ज्यावर तारा दाबतात त्या लांब मानेसाठी, मात्र कोपऱ्यात पडलेला एक तुकडा उचलला. वर्ष सरायच्या आत नेकला पीळ पडला. बॉडी अजूनही देखणी आहे, फक्त तिच्यावर काही वाजत नाही.

त्यानंतर मी क्रमच उलटा केला. आधी तारेकडे बघायचं. तार जिथे टेकते, जिथे दाबली जाते, जिथे गुंडाळली जाते, तिथलं सामान आधी ठरवायचं. तारेपासून जसजसं लांब जावं तसतशी निवडीत मोकळीक मिळत जाते. ज्या बॉडीवर सगळ्यांचा जीव अडकलेला असतो ती या रांगेत बरीच मागे उभी असते. पुढे जे सांगणार आहे ते गिटारबद्दल असलं तरी बेस गिटार, इलेक्ट्रिक मँडोलिन किंवा मांडीवर आडवी ठेवून वाजवायची लॅप स्टील गिटार यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडतं.

पिकअपला लाकूड दिसत नाही

साध्या गिटारची पेटी घ्या, किंवा तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावरची तबली. तार इतकी बारीक असते की ती एकटी हवेला फारशी हलवू शकत नाही. ती घोडीवाटे तबलीला हलवते, तबली रुंद असल्यामुळे हवा हलते आणि आपल्याला ऐकू येतं. तिथे लाकूड म्हणजेच आवाज.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पिकअपकडे जातं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. चुंबकाच्या लेखी लाकूड नसल्यासारखंच असतं. त्याला फक्त तार कळते.

म्हणूनच या वाद्याच्या इतिहासात लाकडाशी फारच बेफिकीर वागणारी माणसं भेटतात. जॉर्ज बोशांच्या ज्या लॅप स्टील गिटारपासून हा सगळा प्रवास सुरू झाला, ती १९३२ मध्ये बाजारात आली तेव्हा ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. दिसायला तव्यासारखी, म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. गिटारवादक लेस पॉलने १९४०च्या आसपास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा ताणल्या आणि लोकांना गिटारसारखं काहीतरी दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना दुसऱ्या गिटारचे अर्धे भाग चिकटवले. १९५०च्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनीने लाकडी चौकटीवर चक्क हार्डबोर्ड ठोकून गिटारी काढल्या. त्या आजही आवडीने वाजवल्या जातात.

मग लाकडाने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण लोक सांगतात त्या वाटेने नाही. तारेची दोन टोकं जिथे टेकतात ती जागा पूर्ण स्थिर कधीच नसते. तार थरथरताना त्या आधारांनाही थोडं हलवते आणि जितकं हलवते तितकी तिची स्वतःची शक्ती खर्च होते. बॉडी जाड आणि भक्कम असते, त्यामुळे तिच्यात फार काही मुरत नाही. नेक मात्र लांब, बारीक आणि लवचीक. त्याची स्वतःची डोलण्याची एक लय असते. एखाद्या सुराची लय तिच्याशी जुळली की नेक त्या सुराची शक्ती गिळून टाकतो आणि तो सूर लवकर विझतो. बेस वाजवणारे याला 'डेड स्पॉट' म्हणतात. चार तारांच्या बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) आसपास तो बहुतेक वेळा सापडतो. डोक्याला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, थोडं वजन बांधून बघा, मेलेली जागा सरकते. म्हणजे लाकूड सुरात काही घालत नाही. ते तारेकडून थोडंफार काढून घेतं, आणि बरेचदा नेकच्या वाटेने.

शिवाय, माझ्या मते, पिकअप एक सेंटिमीटर पुढेमागे सरकवल्याने आवाजात जो फरक पडतो, तो बॉडीचं लाकूड बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येतो. यावर तासन्‌तास भांडणारे लोक आहेत. त्यांना भांडू द्यावं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये बहुधा चुंबकी पिकअप नसून घोडीत बसवलेला पिझो असतो. दाबाखाली आलं की वीज देणारं हे स्फटिक घोडीची थरथर थेट टिपतं. तिथे घोडी आणि तिच्याखालचं लाकूड यांचं वागणं आवाजात जास्त उतरतं.

नेक: इथे कंजुषी नको

नेकवर काय ओझं असतं ते आधी बघू. ६४८ मिलिमीटर स्केल लांबीवर (डोक्याजवळच्या नटपासून बॉडीवरच्या घोडीपर्यंत, म्हणजे ब्रिजपर्यंत, तारेची मोकळी लांबी) दहा नंबरच्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असलेल्या, सहा तारा सुरात लावल्या की एकूण ताण साधारण ४५ ते ५० किलो होतो. चार तारांच्या बेसवर तो ७० किलोच्या पुढे जातो. हे ओझं अडीच सेंटिमीटरही जाड नसलेल्या काठीवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षं आणि एकाच बाजूने असतं.

त्यात भर हवेची. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. वाढीच्या वलयांना आडवं गेलं तर थोडं हलतं आणि वलयांच्या कडेने गेलं तर सर्वांत जास्त. हार्ड मेपल पूर्ण ओल्या अवस्थेपासून भट्टीत कोरडं होईपर्यंत वलयांच्या कडेने सुमारे ९.९ टक्के आकसतं, वलयांना आडवं ४.८ टक्के. होंडुरास महोगनीचे हेच आकडे ४.१ आणि ३.० आहेत. इथे दोन गोष्टी कळतात. महोगनी एकंदरीतच कमी हलते, आणि तिच्या दोन दिशांमधला फरकही कमी आहे. हा फरक जितका मोठा तितका फळीला बाक किंवा पीळ पडण्याचा धोका मोठा.

म्हणून नेकसाठी वखारीत लाकूड बघताना फळीचं तोंड बघायचं. वलयं जर फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या, पडदे ठोकलेल्या पट्टीच्या) पृष्ठभागाला काटकोनात उभी असतील तर ते क्वार्टर-सॉन लाकूड. त्याचं हलणं सर्वांत शिस्तीचं. पण याचंही खूळ डोक्यात घेऊ नका. फेंडर कंपनीच्या जुन्या गिटारींचे बहुतेक नेक आडव्या वलयांचेच आहेत आणि त्यातले असंख्य आजही सरळ आहेत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बाजूने दिसणारी रेषा. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर जायला हवी. मध्येच तिरकी होऊन कडेबाहेर पडत असेल, किंवा जवळपास गाठ असेल, तर ते लाकूड कितीही सुंदर असो, नेकसाठी सोडून द्यावं. मेपलची नक्षीदार, लाटांसारखी रेषा डोळ्यांना सुख देते, पण ती नक्षी म्हणजेच रेषा वाकड्या गेल्याची खूण असते. तशा लाकडाचा नेक करायचाच असेल तर ते उभ्या पट्ट्या करून, एकाच्या रेषा दुसऱ्याच्या उलट ठेवून चिकटवावं. तीन किंवा पाच पट्ट्यांचा नेक एकसंध तुकड्यापेक्षा कमी लहरी असतो, कारण प्रत्येक पट्टी शेजारणीला आवर घालते.

डोकं मागे तिरकं असलेल्या गिटारमध्ये आणखी एक कमजोरी दडलेली असते. गिब्सन कंपनीच्या पद्धतीने १४ ते १७ अंशांचं तिरकं डोकं एकाच तुकड्यातून कापलं तर तिथल्या रेषा आखूड होऊन कडेबाहेर पडतात. गिटार मागच्या अंगावर पडली की ती बरोबर तिथेच मोडते. उपाय जुना आणि सोपा आहे. तुकडा तिरका कापून, उलटा करून पुन्हा चिकटवायचा, म्हणजे डोक्यातही रेषा लांबच लांब राहतात. सांधा दिसतो म्हणून काहींना तो कमअस्सल वाटतो. मला न सांधलेलं डोकं बघितलं की धास्ती वाटते.

लाकूड किती सुकलेलं आहे हे हाताने कळत नाही, ओलावा मोजायचं छोटं यंत्र वापरा. सहा ते आठ टक्के ओलावा बरा. मग तो तुकडा ढोबळ मापात कापून दोन-तीन आठवडे तसाच ठेवायचा. कापल्याने आतले ताण मोकळे होतात आणि लाकूड वाकतं. वाकू द्यायचं, मग रंधा मारून सरळ करायचं, पुन्हा ठेवायचं. घाई असेल त्याने हे काम करूच नये. हल्ली भाजलेलं मेपलही मिळतं. ते प्राणवायू कमी असलेल्या भट्टीत कडक तापवलेलं असतं. त्यामुळे लाकडातले ओलावा धरणारे घटक बरेचसे मोडतात, रंग कॅरॅमलसारखा होतो आणि हंगामागणिक हलणं कमी होतं. बदल्यात ते ठिसूळ होतं, स्क्रू पिळताना चटकन चिरतं.

एवढं करूनही नेक थोडा वाकतोच, आणि तसा वाकणं हवंही असतं. आतल्या पोलादी ट्रस रॉडने तो वाक राखायचा असतो. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ मध्ये या रॉडचं पेटंट मिळालं. सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात ०.२ ते ०.३ मिलिमीटरची फट पुरते. दोन्ही दिशांना काम करणारा रॉड घ्या, कारण पहिल्याच नेकला उलटा बाक आला तर एकदिशी रॉड नुसता बघत बसतो.

फ्रेटबोर्डचं लाकूड मात्र बोटांशी रोज घासतं, म्हणून ते दाट आणि कठीण हवं. शिसवी, आबनूस आणि मेपल ही जुनी त्रयी. पहिल्या दोघांना वरून फिनिश लागत नाही. मेपलला लागतं, नाहीतर घामाने ते वर्षभरात मळकं राखाडी पडतं. शिसवी घेणार असाल तर कायद्याची थोडी माहिती ठेवा. वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात ब्राझिलियन शिसवी १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. २०१७ च्या जानेवारीपासून डालबर्जिया, म्हणजे शिसवीच्या वंशातली बाकी सगळी झाडं दुसऱ्या यादीत आली. २०१९ च्या अखेरीस त्यांच्यापासून तयार झालेल्या वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझिलियन शिसवीला नाही, आणि कच्च्या फळीलाही नाही. तेव्हा परदेशातून फळी मागवताना कागद मागा.

हवा कोरडी पडली की फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेला बोचू लागतात. हा पडद्यांचा दोष नसतो. फ्रेटबोर्ड ओला असतानाच पडदे ठोकल्याचा तो परिणाम असतो.

बॉडी: वजनकाटा घेऊन बसा

नेहमीच्या आकाराच्या, साडेचार सेंटिमीटर जाडीच्या बॉडीचं आकारमान खड्डे वगळून साधारण चार लिटर भरतं. आता लाकडाची घनता माहीत असली की गणित तोंडी होतं. बासवुड लिटरमागे साधारण ०.४ किलो, आल्डर ०.४५, महोगनी ०.६, हार्ड मेपल ०.७. म्हणजे आल्डरची बॉडी १.८ किलोची आणि मेपलची २.८ किलोची. एका किलोचा हा फरक कानाला कळो न कळो, तीन तास उभं राहून वाजवल्यावर खांद्याला नक्की कळतो.

पण फार हलकी बॉडीही अडचणीची. नेक जड आणि बॉडी हलकी असली की पट्टा गळ्यात घालताच नेक खाली झुकतो आणि डावा हात वाजवायचं सोडून त्याला पेलत बसतो. पट्ट्याची पुढची खुंटी बाराव्या पडद्याच्या रेषेपर्यंत पोचली असेल तर हा त्रास बराच टळतो. म्हणून बॉडीचा आकार आणि लाकूड एकत्र ठरवायचं असतं.

कुठलं लाकूड प्रसिद्ध झालं यामागे बरेचदा आवाज नसून सोय होती. फेंडरने सुरुवातीला अ‍ॅश वापरलं आणि १९५६ च्या सुमारास बहुतेक गिटारींसाठी आल्डरकडे वळले. आल्डरची छिद्रं बारीक, त्यामुळे रंगाआधी त्यांत लांबी (पुटी) भरत बसावं लागत नाही. गिब्सनची १९५२ ची, त्याच वादकाच्या नावाची 'लेस पॉल' गिटार महोगनीवर मेपलचा थर देऊन बनली. २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या उत्पादनातून अ‍ॅश जवळपास काढून टाकलं. मिसिसिपीच्या खोऱ्यातले पूर आणि खोड पोखरणारा एक हिरवा भुंगा यांनी चांगला माल दुर्मीळ केला होता. ज्या आवाजाला पन्नास वर्षं 'अ‍ॅशचा आवाज' म्हटलं गेलं तो पुढच्या गिटारींमधून नाहीसा झाला असं काही झालं नाही.

तेव्हा बॉडीसाठी सुकलेलं, सरळ, पेलवेल इतक्या वजनाचं आणि तुमची हत्यारं झेपवतील असं लाकूड घ्या. अक्रोड चालेल, महोगनीच्याच कुळातला तून चालेल. सागवान हलतं कमी, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार दर तासाला जाते. शिवाय ते तेलकट असतं. शिसवी असो वा सागवान, तेलकट लाकूड चिकटवायच्या किंवा फिनिश करायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर जी गिटार घडवली तिचा नेक एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून निघाला होता, आणि ट्रेमोलोचे (सूर डोलवायच्या दांडीचे) स्प्रिंग मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचे होते. जुन्या फर्निचरचं लाकूड खरंच उत्तम असतं, कितीतरी वर्षं मुरलेलं. फक्त आत तुटलेला खिळा नाही ना, हे चुंबक फिरवून बघा.

धुळीबद्दल एकच वाक्य: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, तेव्हा नुसता रुमाल बांधून सँडपेपर मारू नका.

हार्डवेअर: आधी हातात, मग भोक

माझी दुसरी गिटार नेकच्या कोनापायी फसली. काही ब्रिज बॉडीपासून दीड-दोन सेंटिमीटर उंच उभे असतात. १९५४ मध्ये गिब्सनने आणलेला ट्यून-ओ-मॅटिक तसा आहे. तारा तिथपर्यंत नीट पोचायच्या तर नेक दोन-चार अंश मागे झुकवावा लागतो. फेंडरच्या पद्धतीचे पत्र्याचे ब्रिज बुटके, त्यांना सरळ नेक चालतो. मी सरळ नेक बसवला, मग ब्रिज बदलायची हौस आली, आणि तारा फ्रेटबोर्डापासून बोटभर उंच राहिल्या. तेव्हापासून ब्रिज, खुंट्या आणि पिकअप मेजावर आल्याशिवाय मी पेन्सिलही उचलत नाही. छापील मापावर विश्वास ठेवून भोक पाडू नये, कॅलिपर लावावा.

ब्रिजची जागा स्केल लांबीवरून ठरते. फेंडरची ६४८ मिलिमीटर, गिब्सनची ६२८ च्या आसपास, लांब बेसची ८६४. पडद्यांच्या जागा काढायचं सूत्रही सोपं आहे. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागा आणि तेवढं पुढे सरका. ६४८ वर पहिला पडदा नटपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो. ब्रिजच्या बाबतीत मात्र गणितापेक्षा थोडी जास्त लांबी ठेवावी लागते, कारण पडद्यावर तार दाबली की ती ताणली जाऊन सूर चढतो. ते भरून काढायला प्रत्येक तारेचा आधार थोडा मागे घ्यायचा, जाड तारांचा जास्त. म्हणून सर्वांत बारीक तारेचा आधार जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून तो बरोबर स्केल लांबीवर बसवा, मग बाकीच्यांना मागे जायला जागा उरते.

ब्रिज पोलादाचा, पितळेचा की ओतीव जस्ताचा, यावरही वाद झडतात. मी आटे बघतो. जस्ताच्या स्वस्त ब्रिजमध्ये आटे झिजतात, तारेचे आधार डगमगतात आणि एक बारीक करकर येत राहते. हललं नाही पाहिजे, एवढीच परीक्षा. सोनेरी मुलामा घामाने सर्वांत आधी उडतो.

खुंट्यांवर लिहिलेलं १४ ला १ किंवा १८ ला १ म्हणजे दांडी एकदा फिरायला कळ किती वेळा फिरवावी लागते तो हिशेब. आकडा मोठा तितकं बारीक जुळवता येतं, सूर जास्त टिकतो असं नाही. सूर उतरला की लोक पहिला संशय खुंटीवर घेतात आणि नव्या खुंट्या बसवतात, तरी सूर उतरतोच. कारण खरा गुन्हेगार बहुधा नट असतो.

नट म्हणजे डोक्याजवळची ती छोटी पट्टी. तिच्या खाचेत तार अडकली की खुंटी फिरवूनही सूर हलत नाही, आणि मग अचानक 'टिंग' करून उडी मारतो. खाच तारेच्या जाडीपेक्षा किंचित रुंद हवी, तळ गोल हवा आणि डोक्याकडे हलका उतार हवा. खाच किती खोल? तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्यावरची फट बघा. कागद कसाबसा सरकेल इतकी उरली की थांबा. कानस आणखी एकदा मारली तर मोकळी तार पहिल्या पडद्यावर आपटेल आणि नट नव्याने करावा लागेल. हाड उत्तम, ग्राफाइटसारखे निसरडे पदार्थ ट्रेमोलोवाल्या गिटारींना बरे. संपूर्ण गिटारमध्ये सर्वांत कमी सामानात सर्वांत मोठा फरक पाडणारा तुकडा हाच. तरी तो लोक शेवटच्या संध्याकाळी घाईत बसवतात.

पडद्यांची तार 'निकेल सिल्व्हर'ची असते, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा त्यात कणही नाही. ती मऊ, घडवायला सोपी आणि काही वर्षांनी झिजणारी. स्टेनलेस स्टीलचे पडदे कितीतरी जास्त टिकतात, पण कानशी आणि कटर खातात. पहिल्या गिटारला जर्मन सिल्व्हरच बरं.

वायरिंगबद्दल फार बोलत नाही. एकाच गुंडाळीच्या (सिंगल-कॉइल) पिकअपला २५० किलोओहमचे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या कळा) आणि दोन गुंडाळ्यांच्या हंबकर पिकअपला ५०० चे, हा सर्वमान्य प्रघात आहे. आकडा मोठा तितका आवाज जास्त तेजस्वी. खड्ड्यांच्या आतून तांब्याचा पत्रा चिकटवून त्याला अर्थिंग दिलंत तर गुणगुण बरीच कमी होते.

एक सुताराचा सल्ला. मेपलमध्ये बारीक स्क्रू पिळताना आधी योग्य मापाचं भोक पाडा, स्क्रूला मेण लावा. साबण लावू नका, तो ओल ओढतो आणि स्क्रू गंजतो. मऊ स्क्रूचं डोकं तुटून दांडा आत राहिला की तो काढायला अख्खी दुपार जाते.

फिनिश: दोन घराणी

फिनिश बघायला छान दिसतं म्हणून नाही, तर ओलावा हळू आत-बाहेर व्हावा आणि घाम लाकडात मुरू नये म्हणून असतं. कुठलंही फिनिश ओलावा पूर्ण थांबवत नाही, नुसता वेग कमी करतं. म्हणूनच पुढच्या बाजूला पाच थर आणि मागे एकच असं करू नये. एक बाजू भरभर हलते, दुसरी सावकाश, आणि फळीला बाक येतो.

सगळी फिनिशं दोन घराण्यांत मावतात, आणि एवढं समजलं की निम्मा गोंधळ संपतो. पहिल्या घराण्यात द्रावक उडून जातो आणि मागे थर राहतो. लाखेचं पॉलिश आणि नायट्रोसेल्युलोज लॅकर इथले. त्यांचा नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे दहा वर्षांनी ओरखडा पडला तरी तेवढीच जागा दुरुस्त होते. दुसऱ्या घराण्यात रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो: जवस किंवा टंगचं तेल, पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर. एकदा घट्ट झालं की ते विरघळत नाही. नवा थर जुन्यावर नुसता बसतो, म्हणून त्याला धरायला जागा मिळावी यासाठी आधी सँडपेपरने खरवडावं लागतं.

नायट्रोभोवती फार मोठी दंतकथा आहे. ते १९२०च्या दशकात मोटारींच्या रंगासाठी पसरलं आणि तिथून गिटारींवर आलं. फेंडरचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' हा मुळात फोर्ड थंडरबर्डचा रंग. ते निवडलं गेलं ते भरभर सुकतं म्हणून. त्याने लाकूड 'श्वास घेतं' असं म्हणतात, पण तोडलेलं लाकूड श्वास घेत नाही. नायट्रो पिवळं पडतं, थंडीत तडकतं, रबरी स्टँडवर ठेवलं तर स्टँडला चिकटून मऊ पडतं, आणि फवारताना त्याची वाफ पेट घेऊ शकते. तरीही जुन्या नायट्रोचा हाताला लागणारा पातळपणा मला आवडतो, हे कबूल करतो. पातळपणा ही मात्र कारागिराची करामत आहे, रसायनाची नाही. दोन घटकांचं पॉलियुरेथेनही पातळ मारता येतं. फक्त त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना इतकं घातक आहे की बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर ते घरी फवारूच नये.

घरच्या कारागिराला दोनच रस्ते सुचवतो. बॉडीला लाख: स्पिरिटमध्ये विरघळवलेली, कापसाच्या बोळ्याने पातळ थरांत घासत नेलेली. लाख जवळजवळ सगळ्यावर बसते आणि जवळजवळ सगळं तिच्यावर बसतं, त्यामुळे मेण काढलेली लाख तेलकट लाकडावर पहिला थर म्हणून फार उपयोगी. तिची उणीव एवढीच की घाम आणि दारू तिला सोसत नाही. म्हणून नेकच्या पाठीला मी तेल देतो. बंदुकीच्या दस्त्यांसाठी बनवलेलं तेल आणि वर मेण, ही म्युझिक मॅन कंपनीच्या बऱ्याच नेकवरची रीत. चकचकीत नेक घामेजला की हाताला धरून ठेवतो, तेलाचा नेक निसटू देतो. तेलात भिजलेली फडकी मात्र चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते मोकळं पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून पत्र्याच्या डब्यात ठेवा.

अ‍ॅश आणि महोगनीची छिद्रं मोठी असतात. गुळगुळीत आरसा हवा असेल तर ती लांबी भरून बुजवावी लागतात, नको असेल तर तशीच सोडा. १८० पासून ३२० पर्यंत सँडपेपर मारला की बहुतेक लाकडांना पुरतं. मधल्या घासकामाला स्टीलची लोकर वापरायचा मोह होतो. पिकअप बसवलेले असतील तर वापरू नका, तिचे कण चुंबकाला चिकटतात आणि निघता निघत नाहीत. नायट्रोचा शेवटचा थर मारल्यावर तीन-चार आठवडे हात लावू नका. वरून सुकलेलं दिसतं, पण आत ते अजून आकसत असतं. घाईने पॉलिश केलंत तर महिन्याभरात लाकडाच्या रेषा पृष्ठभागावर उमटतात.

आणि फिनिशच्या आधी पूर्ण गिटार कोरी जुळवा. खुंट्या, ब्रिज, नट, पिकअप, सगळं बसवून तारा चढवा आणि आठवडाभर वाजवा. नेकचा कोन चुकला असेल, ब्रिज मध्यरेषेवरून सरकला असेल, कडा मनगटाला बोचत असेल, तर ते आत्ताच कळेल आणि रंधा-कानशीने सुधारता येईल. कोऱ्या मेपलवर बोटांचे डाग पडू नयेत म्हणून जुळवण्याआधी लाखेचा एक पातळ हात मारून घ्या. गिटार पुन्हा सुटी केल्यावर तो सँडपेपरने दहा मिनिटांत निघतो.